पहिले फळ कोणाच्या हाती?



पवित्र कुरआनच्या ८० व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह अबसमध्ये, माणसाला आपल्या अन्नाकडे नीट लक्ष देऊन पाहण्यास सांगितले आहे (आयत २४ ते ३२). आकाशातून पाणी कसे उतरले, जमीन कशी दुभंगली आणि तिच्यातून काय काय वर आले, हे तेथे क्रमाने येते : धान्य, द्राक्षे, कोवळ्या भाज्या, जैतून, खजूर, घनदाट बागा, फळे आणि जनावरांसाठी चारा. या यादीत धान्याचा उल्लेख एकदाच आहे. बाकीचा सारा विस्तार हिरव्या आणि रसाळ वस्तूंचा आहे. यादी संपताच पुढच्या आयतीत कयामतचा विषय सुरू होतो, ज्या दिवशी माणूस आपल्या भावापासून, आईवडिलांपासून, पत्नीपासून आणि मुलांपासूनही दूर पळेल. अन्न आणि हिशेब यांना एकमेकांजवळ ठेवणाऱ्या या क्रमात मोठा बोध आहे. ताटात काय आले याचा विचार जितका आवश्यक, तितकाच ते कोणाच्या ताटात आले आणि कोणाच्या ताटात आले नाही, याचाही विचार आवश्यक आहे. या पाठात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करू.

प्रेषितांची (स.) रीत

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. हंगामातील पहिले फळ हाती आले की मदीनेचे लोक ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे घेऊन येत. प्रेषित (स.) ते स्वीकारत, फळांत, शहरात आणि लोकांच्या मापांत बरकत व्हावी अशी दुआ करीत, आणि त्यानंतर तेथे असलेल्या मुलांपैकी सर्वांत लहान मुलाला बोलावून ते फळ त्याच्या हाती देत.

या हदीसचे तीन भाग आपण वेगवेगळे पाहू. पहिला भाग कृतज्ञतेचा : नवे फळ ही अल्लाहची देणगी आहे, म्हणून आधी दुआ. दुसरा भाग समाजाचा : दुआ एकट्यापुरती नाही, साऱ्या शहरासाठी आहे आणि बाजारातील मापासाठीही आहे. तिसरा भाग वाटपाचा : मजलिसमध्ये मोठमोठे सहाबा बसलेले असताना फळ जाते ते अशा हाताकडे, ज्याला मागताही येत नाही. जो सर्वांत दुर्बळ, त्याचा वाटा सर्वांत आधी.

आता आपण आपल्या घराकडे वळू. आंब्याची पेटी घरी येते तेव्हा पहिली फोड कोणाकडे जाते? पाहुणे आले तर फळांचे तबक बैठकीत जाते. स्वयंपाकघरात उरते ते काय? सर्वांचे जेवण झाल्यावर जी सून किंवा मुलगी दस्तरखानावर बसते, तिच्या वाट्याला भाजी येते की केवळ रस्सा? हा प्रश्न वडीलधाऱ्यांना दुखावण्यासाठी विचारलेला नाही. पुण्याच्या परिसरात झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने या प्रश्नाचे महत्त्व जगापुढे ठेवले आहे, म्हणून तो विचारणे भाग आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवले?

१९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. सुमारे ८०० गर्भारपणांची नोंद झाली. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या आणि अंगाने लहानखुऱ्या होत्या. त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्या काय खातात, किती खातात, हे गर्भारपणाच्या १८ व्या आणि २८ व्या आठवड्यांत तपासले गेले आणि पुढे बाळाचे जन्माच्या वेळचे वजन घेतले गेले. त्या वजनाची सरासरी २.७ किलोच्याही खाली भरली.

२००१ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईने एकूण किती उष्मांक घेतले, किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या वजनाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो तीन गोष्टींशी : हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध. ज्या माता हे पदार्थ वारंवार खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. भाकरी पोट भरत होती. बाळाची वाढ मात्र मेथी, पेरू आणि दुधाच्या पेल्याशी जोडलेली दिसत होती.

अशा निरीक्षणातून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे ६,५०० स्त्रियांसोबत २००६ ते २०१२ या काळात प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आला. एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला रोजचा खाऊ दिला गेला. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या होत्या. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात निर्णायक फरक पडला नाही. परंतु ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस तो खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. शिवाय गर्भारपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले.

बंधू-भगिनींनो, यातील ९० दिवसांचा अर्थ नीट समजून घ्या. सून गर्भवती असल्याची बातमी आल्यानंतर तिच्यासाठी फळे आणणे चांगलेच आहे, पण ते उशिराचे आहे. आज शाळेत जाणारी आपली मुलगी, काल निकाह होऊन घरात आलेली सून, यांचे आजचे ताट उद्याच्या पिढीचे ताट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते, आणि दोन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. पहिले फळ लहान हाताला देण्याच्या सुन्नतकडे या आकड्यांच्या प्रकाशात पाहिले, की ती केवळ लाडाची गोष्ट राहत नाही.

किती खावे, काय खावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे, असा अंदाज तीत दिला आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे खावीत, असे ही संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची किमान मर्यादा दोन्ही मिळून ४०० ग्रॅमची आहे आणि त्यात बटाटा धरलेला नाही. चार प्रौढांच्या घरासाठी हा हिशेब दिवसाला दोन किलो होतो. आपल्या घरात रोज किती भाजी शिजते, हे एकदा तराजूवर ठेवून पाहावे. आलू-गोश्तमधील बटाटे मात्र त्यातून वजा करावेत.

आपल्या दस्तरखानावर मांसाला मान आहे, आणि हलाल मांस ही अल्लाहची देणगी आहे. परंतु भाजीला कमी लेखणे ही आपल्या प्रेषितांची (स.) रीत नव्हती. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवणासाठी बोलावले होते, कालवणात मांसाबरोबर दुधी भोपळ्याच्या फोडी होत्या. प्रेषित (स.) थाळीच्या कडांतून त्या फोडी शोधून खात असल्याचे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिले, आणि तेव्हापासून त्यांनाही दुधी आवडू लागला. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. काकडी ताज्या खजुरासोबत खाल्ल्याचे हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी सांगितले आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी दालच्यात दुधी घातला, मेथी-गोश्त आणि अंबाडी-गोश्त केले, ते योग्यच होते. आता दालच्यातला दुधी कमी होत गेला असेल, तर तो परत आणावा.

येथे कोणी सूरह बकराच्या ६१ व्या आयतीचा दाखला देईल. बनी इस्राईलने मन्न व सल्वा सोडून भाजीपाला, काकडी, मसूर आणि कांदा मागितला, तेव्हा त्यांना दोष देण्यात आला. परंतु तो दोष भाजीचा नाही. अल्लाहने कष्टाविना दिलेल्या उत्तम वस्तूला कंटाळून कृतघ्नपणे तक्रार करण्याचा तो दोष आहे. सूरह अबसमध्ये ज्या भाजीला देणगी म्हटले, ती दुसरीकडे निंद्य कशी असेल?

काही गोष्टी सोप्या आणि कमी खर्चाच्या आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहा त्याच लोहाला अडवतो. आपल्या शहरात जेवण संपताच चहाचा कप पुढे येतो, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. फळ म्हणजे सफरचंदच, हा समज सोडावा. पेरूत संत्र्यापेक्षा अधिक क जीवनसत्त्व असते. केळी, पपई, बोरे, आवळा आणि जांभळे आपल्याच मातीतील आहेत. सूरह तीनमध्ये अल्लाहने ज्या अंजिराची शपथ घेतली, त्याच्या बागा आपल्या शेजारी पुरंदर तालुक्यात आहेत. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शासनाचे ताट

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडई १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी त्या इमारतीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सार्वजनिक पैसा शेवटी कोणापर्यंत पोहोचतो, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. हा फार मोठा आधार आहे आणि त्याची कदर केली पाहिजे. पण रास्त भावाच्या दुकानात मेथी मिळत नाही. शाळेच्या मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलासाठी ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून हे लोकसहभागातून करावे, असे सांगण्यात आले. म्हणजे निधी अपुरा पडला, तेव्हा सर्वांत लहान हातातील फळ सर्वांत आधी गेले. प्रेषितांच्या (स.) मजलिसमधील क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

इस्लामी धर्मशास्त्राचे एक मान्य सूत्र असे, की सत्ताधाऱ्याचा प्रजेविषयीचा प्रत्येक निर्णय लोकहिताशी बांधलेला असतो. हिजरी सन १८ च्या भीषण दुष्काळात हजरत उमर (रजि.) यांनी, लोकांना तूप मिळेपर्यंत स्वतः तूप न खाण्याचा निश्चय केला, असे इतिहासग्रंथांत येते. राज्यकर्त्याने प्रजेचे ताट पाहून आपले ताट ठरवावे, हा त्यातील धडा आहे. आपण नागरिक आहोत. मुलांच्या ताटातील फळ मागणे ही याचना नाही, ती अमानतची आठवण आहे.

ही आठवण करून देण्याचा कायदेशीर मार्गही उपलब्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. आपली मुले महानगरपालिकेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत असतील, तर या समितीवर जावे. भोजनातील भाजी रोज येते का, तिचे प्रमाण किती, फळाचे काय झाले, हे नम्रपणे पण लेखी विचारावे. अरुंद गल्लीतील गरीब घरापर्यंत ताजी भाजी पोहोचते ती हातगाडीवरून. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्री समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. हातगाडीवाल्याला सन्मानाची जागा मिळणे, हादेखील सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे.

बागवान बंधूंसाठी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून कॅम्पातील शिवाजी मार्केटपर्यंत फळांच्या व्यापारात आपले अनेक बागवान बंधू पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बागवान या फारसी शब्दाचा अर्थच बागेची राखण करणारा. हा व्यवसाय रोजीचे साधन आहेच. नीयत शुद्ध असेल तर तो लोकांच्या आरोग्याची सेवाही आहे.

प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले होते. जो फसवतो तो आमच्यातला नाही, या आशयाची कठोर ताकीद त्यांनी तेव्हा दिली (सहीह मुस्लिम). पेटीत वरच्या थराला चांगले फळ आणि खाली डागाळलेले, हा त्याच ढिगाचा प्रकार आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूचा वापर मात्र ठरावीक मर्यादेत, म्हणजे दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, मान्य आहे. मार्ग खुला असताना विषारी मार्ग धरणे शरीअतलाही मान्य नाही आणि कायद्यालाही. कुरआनने अन्नासाठी हलालसोबत तय्यिब, म्हणजे शुद्ध व हितकर, हा शब्द ठेवला आहे (सूरह बकरा, आयत १६८). हलाल कमाईच्या फळातही विष असेल, तर ते तय्यिब कसे राहील?

मशीद आणि जकात

रमजानमध्ये आपल्या मशिदींत इफ्तारसाठी फळांची तबके भरली जातात. हे पुण्याचे काम आहे. पण ही तबके बहुधा पुरुषांसमोर येतात. त्याच वेळी घरात रोजा असलेली स्त्री भज्यांच्या कढईसमोर उभी असते आणि अझान झाल्यावर खजूर व पाण्यावर रोजा सोडते. मशिदीच्या व्यवस्थापकांनी जमा झालेल्या फळांचा एक ठरावीक वाटा मोहल्ल्यातील विधवा, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांच्या घरी असरपूर्वी पोहोचवावा. इफ्तार घडवण्याचे सवाब त्यातही आहे.

गरजूंना दिल्या जाणाऱ्या रमजान किटमध्ये पीठ, तेल, साखर आणि डाळ असते. भाजी नसते, कारण ती टिकत नाही. त्यावर एक उपाय आहे. जवळच्या भाजीवाल्याकडे महिन्याची रक्कम ठेवावी आणि ठरलेल्या कुटुंबाने दर आठवड्याला भाजी-फळे घेऊन जावीत. ही रक्कम जकातची असेल, तर हनफी फिकहनुसार पात्र कुटुंबाला त्या वस्तूची मालकी मिळणे आवश्यक आहे. केवळ पंक्तीला बसवून जेवू घातल्याने जकात अदा होत नाही. म्हणून भाजी त्यांच्या ताब्यात जाईल अशीच व्यवस्था करावी आणि तपशील आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा.

गरिबाचा वाटा ताज्या भाजीत असावा, हा विचार नवा नाही. सूरह अनआमच्या १४१ व्या आयतीत बागा, फळे आणि पिके यांचा उल्लेख करून कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क अदा करण्यास आणि उधळपट्टी टाळण्यास सांगितले आहे. या आयतीच्या आधारे इमाम अबू हनीफा (रह.) यांनी पालेभाज्यांसारख्या नाशवंत पिकावरही उश्र देय मानला, त्यांच्या दोन थोर शिष्यांचे, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत वेगळे होते. फिकहचा निर्णय विद्वानांकडे सोपवू. पण गरिबाला टिकाऊ धान्य आणि श्रीमंताला ताजे फळ, अशी विभागणी त्या महान इमामाला मान्य नव्हती, हे मनावर कोरून घेऊ.

या महिन्याचा अमल

१. सात दिवस घरातील भाजी-फळांचे वजन लिहून ठेवा आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ते पाहा.

२. भाजी वाढताना आधी मुलांना व घरातील मुली-सुनांना वाढा. आठवड्यातून काही वेळा तरी सर्वांनी एकत्र बसून जेवा.

३. दर आठवड्याला तीन वेळा पालेभाजी आणि रोज एक हंगामी फळ, एवढ्यापासून आरंभ करा.

४. एका गरजू घराची भाजी आपल्याकडे घ्या. हजरत अबू जर (रजि.) यांना कालवणात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याची शिकवण मिळाली होती (सहीह मुस्लिम). तिचेच हे एक रूप आहे.

५. गॅलरीतील कुंडीत मेथी किंवा पुदिना मुलांच्या हाताने लावा. मुस्लिमाने लावलेल्या रोपातून माणसाने वा पाखराने खाल्ले, तर तो त्याच्यासाठी सदका आहे, असे बुखारी व मुस्लिममधील हदीस सांगते.

घरात चर्चेसाठी प्रश्न

सूरह अबसमध्ये अन्नानंतर लगेच कयामतचा उल्लेख का आला असावा? पहिले फळ सर्वांत लहान मुलाला देण्यातून घरप्रमुखाने काय शिकावे? आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तेव्हा भांड्यात काय उरलेले असते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी देऊ नये. ते घरातील स्त्रीला देऊ द्यावे आणि शांतपणे ऐकावे.

हे अल्लाह, आमच्या फळांत, आमच्या शहरात आणि आमच्या मापांत बरकत दे. आमच्या माता व मुलींना आरोग्य दे, आमच्या राज्यकर्त्यांना दुर्बळांचा विचार दे, आणि तू दिलेल्या देणग्यांचा हिशेब आम्हांला सोपा कर. आमीन.